पिनरची नाईल

प्राचीन इजिप्तची संस्कृती तीन हजार वर्षं टिकली, आणि मग मध्ये बराच खंड पडून लंडनजवळच्या पिनरमधल्या एका सेमी-डिटॅच्ड घरात आणखी पंधरा वर्षं टिकली. पहिल्या पर्वाबद्दल विद्वानांनी पुष्कळ लिहिलं आहे. दुसऱ्याचा साक्षीदार मी आहे. पहिल्यात पिरॅमिड होते, दुसऱ्यात गॅरेज होतं. पहिल्यात फेरो होते, दुसऱ्यात माझ्या बायकोचे मामा होते. या संस्कृतीचा पाया इतिहासकार शेती, कालवे, लेखनकला वगैरे सांगतात. मामा सांगायचे, "भीती. जावईबापू, निव्वळ भीती."

मामा हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते. पुण्याहून आल्यापासून वीसेक वर्षं त्यांनी इंग्लंडमधल्या हजारो माणसांना निवांत झोपवलं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे उठवलं. ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांचा हात कधी थरथरला नाही, असं त्यांचे सहकारी सांगत. बहुधा भीतीचा सगळा साठा ते घरच्या वापरासाठी राखून ठेवत असावेत. गॅसची नळी, टपालातली सरकारी खाकी पाकिटं, शेजाऱ्यांचं मांजर, छतावरून जाणारी विमानं, स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह, असं काहीही त्यांना पुरे. एकदा मिल्टन कीन्सला कुणाच्या तरी वास्तुशांतीला जाताना त्यांनी एका राउंडअबाउटला चार फेऱ्या मारल्या. मी मागच्या सीटवर होतो. मामी म्हणाल्या, "अहो, सत्यनारायणाला एकच प्रदक्षिणा पुरते." मामा स्टिअरिंग घट्ट धरून म्हणाले, "गोल फिरतोय तोवर निदान काही वाईट तर होत नाहीये ना?" वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा आरती संपली होती.

इजिप्तशी त्यांची गाठ पडली ती पावसामुळे. लंडनमध्ये एका रविवारी छत्री उलटी झाली म्हणून ते एका म्युझियममध्ये शिरले, आणि संध्याकाळी बाहेर पडले ते बदलून. "माझ्याइतकी घाबरलेली माणसं मला आयुष्यात पहिल्यांदा भेटली हो," ते मला म्हणाले होते. आवाजात चक्क कृतज्ञता होती. पुढे त्यांनी वाचन केलं, स्लाइड्स जमवल्या आणि आमच्या मंडळात गणपतीच्या कार्यक्रमात व्याख्यान दिलं. अध्यक्षांनी प्रास्ताविकात 'वैभवशाली', 'देदीप्यमान' आणि 'मानवी प्रतिभेचा उत्तुंग आविष्कार' हे शब्द वापरले. मग मामा उठले, पिरॅमिडची स्लाइड लावली आणि म्हणाले, "हे कुलूप आहे."

त्या संध्याकाळी, बटाटेवडे थंड होत असताना, त्यांनी जे सांगितलं ते मी पुढे वाचलेल्या बऱ्याच पुस्तकांपेक्षा बरं होतं. दोन्ही बाजूंना वाळवंट, मधे एक नदी. नदी दर वर्षी फुगते. कमी फुगली तर जव पिकत नाहीत, लोक उपाशी मरतात. जास्त फुगली तर घरंच वाहून जातात. मग घाबरलेली गावं एकत्र येतात, चर खणतात, बांध घालतात. कुणीतरी हिशेबाने पाणी वाटायला लागतं, तो राजा होतो. पाणी किती चढलं ते मोजायला काठावर पायऱ्या बांधतात, आकडे टिपून ठेवायला लिपी लागते. उरलेला वेळ ते पाव भाजतात, कांदे खातात, बिअर पितात. पावात वाळू असल्यामुळे दात झिजतात. घरातलं मांजर मेलं तर सगळं घर भुवया भादरतं. आणि एवढं सगळं नीट चालू असताना त्यांना रात्री भीती वाटते, की सूर्य उद्या उगवलाच नाही तर? "उगवेल याची त्यांना गॅरंटी नव्हती," मामा म्हणाले. "आपल्याला आहे असं आपल्याला वाटतं. एवढाच फरक." पुढच्या रांगेतली दोन मुलं रडायला लागली. पुढच्या वर्षीपासून मंडळाने सुगम संगीत ठेवलं.

पण मामा थांबले नाहीत. त्यांच्या बागेच्या टोकाला, कुंपणापलीकडे एक ओढा होता. ओढा म्हणजे, उडी मारून पार करता येईल, पण मारावीशी वाटणार नाही असं पाणी. त्यात त्यांनी लाकडी पट्टी रोवली, तिच्यावर इंचांच्या खुणा केल्या, आणि दर रविवारी सकाळी, रबरी बूट आणि मफलर चढवून, ते पाणी मोजायला जाऊ लागले. आकडा एका निळ्या वहीत लिहायचा. सहा इंचांच्या खुणेला त्यांनी लाल रंग दिला होता. पाणी लाल खुणेला लागलं की घर सोडायचं, असं ठरलेलं होतं. गॅरेजमध्ये त्याची तयारी होती: तांदूळ, मेणबत्त्या, कुकरच्या रिंगा, डेटॉल, दोन खुर्च्या. गाडी मात्र बारा महिने रस्त्यावर, पावसात. मामी शाळेत गणित शिकवलेल्या बाई. त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारायच्या, "काय म्हणतेय तुमची नाईल?"

"साडेतीन."

"मग या चहाला. अजून बुडायला वेळ आहे."

मामांची आणखी एक पद्धत होती, आणि पुढचं समजायला ती ठाऊक असायला हवी. थडग्याच्या भिंतीवर लिहिताना इजिप्तचे लेखक सापाचं चित्र कधी कधी मुद्दाम तोडून काढत, मधे कापलेलं. पूर्ण काढला तर तो भिंतीवरून उतरून मुडद्याला डसेल, ही भीती. मामांना हे फार पटलं. वाईट शब्द ते कधीच पूर्ण लिहीत नसत, आणि सापाचं नाव तर तोंडानेही घेत नसत. त्यांच्या कॅलेंडरवर 'डेंटि' असायचं, 'इन्कम टॅ' असायचं. मी हसलो तेव्हा ते म्हणाले, "तुमची आजी रात्री त्याला काय म्हणायची? लांबडं म्हणायची ना? घरातले तांदूळ संपले म्हणायची, का वाढले म्हणायची? आणि घरातून निघताना तुम्ही काय म्हणता? जातो म्हणता?" मी 'येतो' म्हणतो. एजवेअरच्या लायब्ररीत पुस्तकं लावणारा, कशावर फारसा विश्वास नसलेला माणूस, पण घरातून निघताना आजतागायत 'जातो' म्हणालेलो नाही. मी हसणं बंद केलं.

नव्वदनंतरच्या एका मार्चमध्ये मामांच्या कॅलेंडरवर 'ऑपरे' असा शब्द दिसला. तो मामींसाठी होता. जिने चढताना त्यांना धाप लागायची. तपासणीत हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद निघाल्या. मामा त्याला नुसतं 'ते' म्हणत. पट्टीजवळ उभे राहून त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा वहीत आकडा लिहायला ते विसरले होते. भूल कोण देणार आहे, असं मी विचारलं. ज्याचं नाव त्यांनी घेतलं तो त्यांच्याच हाताखाली तयार झालेला डॉक्टर होता.

"मग काळजी कसली मामा? तुम्हीच शिकवलाय ना त्याला?"

"म्हणूनच," मामा म्हणाले. "मी त्याला काय काय शिकवायचं विसरलो ते आठवतोय."

हॉस्पिटलला न्यायची बॅग त्यांनी स्वतः भरली. चष्मे दोन, शाल, लसणाची चटणी, कांदा, पावाची लादी, कंगवा, आणि म्युझियमच्या दुकानातून आणलेली, बोटभर उंचीची एक निळी बाहुली. अशा बाहुल्या इजिप्शियन लोक मेलेल्या माणसासोबत ठेवत. परलोकात कामाला हाक आली की माणसाऐवजी बाहुलीने 'हजर' म्हणायचं. मामींनी वॉर्डात बॅग उघडली आणि एक-एक वस्तू पलंगावर मांडली.

"अहो, मी ऑपरेशनला आलेय की पिरॅमिडमध्ये?"

"असू दे. कामाला येईल."

"ही माझ्याऐवजी जाणार ना? मग ऑपरेशनही हिचंच करा म्हणावं. मी घरी जाऊन पोळ्या करते."

नर्सने बाहुली हातात घेऊन विचारलं, ही कोण? मामींनी इंग्रजीत सांगितलं, "माझी सवत." नर्सने काय समजायचं ते समजून ती उशाशी ठेवली.

सकाळी नऊला पोर्टर ट्रॉली घेऊन आला. दणकट, भला माणूस, मामांना वर्षानुवर्षं ओळखणारा. लिफ्टपर्यंत आम्ही दोघं बरोबर चाललो. याच कॉरिडॉरमधून मामांनी किती ट्रॉल्यांच्या उशाशी राहून थट्टामस्करी करत माणसं आत नेली असतील. त्या दिवशी मात्र ते बाजूने, कठड्याला धरून, कुणी अनोळखी ठिकाणी चालावं तसे चालत होते. लिफ्टचं दार उघडलं. मामी म्हणाल्या, "बरं, जाते."

ट्रॉली थांबली. मामांनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

"काय म्हणालीस?"

"जाते म्हटलं."

"नीट म्हण."

"अहो, लिफ्ट थांबलीय."

"थांबू दे. नीट म्हण."

"शब्दांनी काही होत असतं," मामी म्हणाल्या, "तर तुमच्या त्या फेरोंपैकी एक तरी उठून आला असता. सोडा बघू."

लिफ्टचं दार बंद व्हायला लागलं, पोर्टरने पाय घालून अडवलं. "ऑल राइट, डॉक?" मामांनी ऐकलं नसावं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झालो आणि माझ्या लक्षात आलं, की मलाही तो शब्द ऐकायचा आहे. आत्ता, ताबडतोब. पोर्टर, मी आणि मामा, तिघंही त्या बाईकडे बघत उभे होतो. मामींनी आयुष्यात कुणालाही गणिताचं चुकीचं उत्तर बरोबर म्हणून दिलं नव्हतं. त्यांनी मामांच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"येते," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, वर्गात सांगावं तसं स्पष्ट, "चार वाजेपर्यंत येते. परवा-तेरवा खायला द्यायला लागले की मऊ भात लावून आणा. मीठ विसरू नका."

मामांनी एक-एक बोट सोडवत कठडा सोडला.

नातेवाइकांच्या खोलीत मामांना कुठे बसायचं ते कळेना. थिएटरच्या दारातून बाहेर येऊन 'काळजी करू नका' म्हणण्याची त्यांना सवय. बाहेरच्या खुर्च्या त्यांनी कधी वापरल्या नव्हत्या. ते खिडकीशी उभे राहिले आणि हलक्या आवाजात मला सांगू लागले, की सूर्य मावळल्यावर पाताळातल्या नदीतून नावेने जातो. तासाला एक, अशी बारा दारं लागतात. प्रत्येक दारावर कुणीतरी बसलेलं असतं. देवळातले पुजारी झोपत नाहीत, दारं मोजत राहतात. "आता दुसरं," मामा म्हणाले. काही वेळाने, "तिसरं." सर्जनने चार तास सांगितले होते. पाचवं दार झालं, सहावं झालं. चहाचे दोन कप तसेच गार झाले. साडेतीनला मी विचारलं नव्हतं तरी ते म्हणाले, "सातवं. इथे साप असतो."

मी दचकलो. शब्द अख्खा होता. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी तो पहिल्यांदाच ऐकला, आणि आपण बोललो हे त्यांना कळलंही नव्हतं. मी भिंतीकडे बघितलं. काय बघायला, ते मला विचारू नये.

चार वाजून दहा मिनिटांनी त्यांचा तो शिष्य बाहेर आला, टोपी काढली आणि म्हणाला, "काळजी करू नका, सर." मामा खाली बसले. खुर्ची तिथे नव्हती.

दुसऱ्या दिवशी घशातली नळी काढल्यावर मामींनी पहिलं वाक्य बोलायला बराच वेळ घेतला. ते असं होतं: "दहा मिनिटं उशीर झाला. माफ करा."

त्यानंतर मामी दहा पायऱ्या न थांबता चढू लागल्या. मामा रिटायर झाले, आणि रविवारी वहीत आकडे लिहीत राहिले. पाच वर्षांनी एका दुपारी आरामखुर्चीत डुलकी लागली ती लागलीच. ज्या गोष्टीला ते जन्मभर घाबरले ती त्यांना भेटली तेव्हा ते जागे नव्हते. हजारो लोकांसाठी त्यांनी जे केलं ते कुणीतरी त्यांच्यासाठी केलं, असं मला वाटतं. पण मी पुरावा देऊ शकत नाही. मामींनी शवपेटीत त्यांचे दोन चष्मे ठेवायला काढले होते. काच चालत नाही, असं क्रेमेटोरियमच्या माणसाने नम्रपणे सांगितलं. मग त्यांनी मफलर ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही पिनरला गेलो, तर मामी बागेच्या टोकाला रबरी बूट घालून उभ्या. बूट मामांचे, दोन नंबर मोठे. हातात निळी वही. मी ती घेऊन चाळली. पंधरा वर्षांचे रविवार होते, आणि पाणी चार इंचांच्या वर एकदाही गेलेलं नव्हतं.

"जाणार कसं?" मामी म्हणाल्या. "खालच्या अंगाला कौन्सिलचा पाइप आहे. चारच्या वरचं पाणी तो ओढून नेतो. आम्ही घर घेतलं त्याच्या आधीपासून आहे. मी पहिल्याच वर्षी फोन करून विचारलं होतं."

"मग मामांना सांगितलं का नाही?"

"त्यांना भ्यायला काहीतरी लागायचं हो, जावईबापू. हे बरं होतं. घराजवळ होतं." त्यांनी वाकून पट्टी बघितली, चष्मा पुसला, पुन्हा बघितली.

साडेतीन इंच होतं.