घर बंद ठेवायचं नाही

गेल्या वर्षी आत्यासाठीची बुद्धवंदना संपली आणि घरमालकांचा मुलगा मला म्हणाला, "मग चावी कधी देताय?"

आत्याच्या फोटोचा हार अजून ताजा होता. त्यानेच आणला होता.

आत्या जाऊन आज वर्ष झालं. चावी मी दिलेली नाही.

सुमनआत्या महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होती. लग्न केलं नाही. रास्ता पेठेतल्या या दोन खोल्या तिने तरुणपणी भाड्याने घेतल्या आणि जन्म इथेच काढला. डिव्होर्सनंतर मी बॅग घेऊन दारात उभी राहिले, तर एका शब्दाने कारण विचारलं नाही.

"उशी कडक लागते की मऊ?" एवढंच.

मालकांना बिल्डिंग पाडायची होती. बरेच भाडेकरू निघून गेले. आत्या नाही.

जुनी भाडेकरू, त्यामुळे कायदा तिच्या बाजूने होता. पण त्यात एक मेख होती. भाडेकरूने सबळ कारण नसताना घर महिनोन्महिने वापरलं नाही, तर मालक ताबा मागू शकतो.

कायदा महिने म्हणतो. आत्याला तासभरही चालायचं नाही!

ती भाजीला गेली तर घरात मी हवी. मी हिंजवडीला ऑफिसात, तर शेजारच्या शकुंतलाकाकू तांदूळ निवडायला आमच्याकडे. वारज्याला चुलतभावाचं लग्न होतं, तेव्हा आधी ती जेवून आली, मग मी गेले. लग्नाच्या एकाही फोटोत आम्ही दोघी एकत्र नाही. घरचे जाम चिडले होते.

मी म्हणायचे, "आत्या, माणसाने कुलपाचा शोध लावलाय."

"चोरांसाठी. मालकांसाठी नाही."

मग तिला ॲडमिट केलं. एका दुपारी डॉक्टर म्हणाले, आता इथेच थांबा.

मी खुर्ची ओढून बसले. तिने डोळे उघडले.

"घरी कोण आहे?"

"कुणी नाही. काकू लोणी काळभोरला लेकीकडे गेल्यात. कुलूप लावून आलेय."

"मग तू इथे काय करतेस?"

मला रडू फुटलं. म्हटलं, खड्ड्यात गेलं ते घर!

तिने माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट.

"मी चाललेय. तुला राहायचंय. जा."

मी गेले. तिचा भयंकर राग आला होता. खरं सांगते, अजूनही येतो.

घरी येऊन वरणभात लावला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. कुकर उतरायच्या आत हॉस्पिटलचा फोन आला.

भाडेकरू वारला, तर मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाकडे भाडेकरूचा हक्क येतो. कायद्यातलं हे कलम आत्याला पाठ होतं.

मालकांनी दावा लावलाय. म्हणे बाई एकट्याच राहायच्या, भाची आजारपणापुरती येऊन-जाऊन होती.

मालकांच्या मुलाने काकूंनाही सुचवून पाहिलं, "साक्षीच्या भानगडीत पडू नका."

काकू म्हणाल्या, "अहो, इतकी वर्षं त्यांच्याकडे बसून तांदूळ निवडले. आता तोंड उघडलं तर कुठे बिघडलं?"

ऑफिसातले मित्र सांगतात, सोड ना, हिंजवडीला मस्त फ्लॅट मिळेल. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट कर आणि मोकळी हो.

मिळेल की. पण नाही जाणार. मी इथे कुणाच्या मेहेरबानीवर राहत नाही. हे माझं घर आहे आणि मी ते लढून ठेवणार आहे.

उद्या शिवाजीनगर कोर्टात माझी साक्ष आहे. आमच्या वकीलबाईंनी सांगून ठेवलंय, समोरचे वकील टोचून विचारणार, "तुमची आत्या गेली, तेव्हा तुम्ही तिच्याजवळ होतात का?"

वर्षभर हा प्रश्न मीच मला विचारतेय. उद्या मान खाली घालणार नाही.

सांगेन, नव्हते. मी आमच्या घरी होते. तिनेच पाठवलं होतं.

सुमनआत्या, भरल्या मनाने तुला अभिवादन.