शहाड ते नौपाडा, व्हाया पाठीचा कणा

शहाड ते ठाणे हे काही प्रवासवर्णन लिहिण्याजोगं अंतर नाही. माणसं सकाळी जातात, संध्याकाळी परत येतात आणि वाटेत काय पाहिलंस, असं त्यांना कोणी विचारत नाही. मला मात्र परत यायला सहा दिवस लागले आणि त्यातला बराचसा प्रवास आडवं पडून झाला.

निघण्याचं कारण होतं माझा उजवा डोळा. मी शाळेत चित्रकला शिकवते. मुलांनी रंगवलेल्या जास्वंदी तपासत असताना सहज डावा डोळा चोळला, तर सगळ्या जास्वंदी विटकरी झालेल्या. डोळा हलवला की आतून दुखायचं. चार दिवसांत त्या डोळ्यापुढे धुकंच आलं. आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ टॉर्च मारून सांगितलं, "डोळा ठीक आहे. डोळ्यामागची नस सुजलेली दिसते. ठाण्याला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा."

माझा नवरा मिलिंद कंपनीच्या कामाने वापीला गेलेला. त्याला फोनवर म्हटलं, "डोळे आलेत." डोळे आले म्हटलं की माणसं आपणहून लांब राहतात.

सोबतीला कुसुमआत्या. वय अडुसष्ट, राहणार डोंबिवली, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त. जन्मभर लोकांची बोलणी जोडून दिल्यामुळे स्वतःचं बोलणं तोडायचं असतं हे तिला माहीत नाही. शेजाऱ्यांना तिने सांगून ठेवलेलं की आम्ही ठाण्याला साड्या घ्यायला चाललोय.

"साड्यांना मुक्कामाची बॅग?" शेजारीण म्हणाली.

"तुम्हाला हिची निवड माहीत नाही."

डोंबिवलीहून गाडी केली, मोठागावच्या नव्या पुलावरून. खाली खाडी, ओहोटीची वेळ, काठाला तिवरं (खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं) आणि त्यांत बगळे. मी आळीपाळीने डोळे मिटून बघत होते. डाव्या डोळ्याने खाडी चांदीची, उजव्याने राखेची. ड्रायव्हरने आरशातून दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी त्याला डोळा मारतेय अशी त्याची समजूत झाली असावी, कारण पुढे ठाण्यापर्यंत त्याने आरशाकडे पाहिलं नाही.

नौपाड्यातल्या एका लहानशा रुग्णालयात मला दाखल करून घेतलं. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीखाली फुलांची गाडी आणि चष्म्याचं दुकान. डॉक्टर साधारण माझ्याच वयाच्या. त्यांनी गुडघ्यांवर हातोडी मारली, टाचणी टोचून पाहिली, तळपायावर चावी ओढली.

"मान खाली घाला. पाठीतून काही जातं का?"

मान खाली घालताच कमरेपर्यंत सरसरून करंट गेला.

"नाही," मी म्हणाले.

"याआधी कधी हातपाय बधिर झालेले? मुंग्या? तोल जाणं?"

"नाही, कधीच नाही."

आत्या कॉटखाली चप्पल शोधत होती, नाहीतर तिने माझ्या तोंडावरून ओळखलं असतं. दोन वर्षांपूर्वी माझा डावा पाय तीन आठवडे कमरेपासून बधिर होता. शाळेत सांगितलं, मुरगळलाय. घरी काहीच सांगितलं नाही. पुढे तो आपोआप बरा झाला आणि मी तो विषय गाडून टाकला. त्या पायाची आणि या डोळ्याची ओळख करून दिली तर काहीतरी वाईट उत्तर येईल, एवढं मला कळत होतं. दोघांना वेगवेगळं ठेवलं होतं, इतकंच.

संध्याकाळी एमआरआय. "अंगावर धातूचं काही आहे?" तंत्रज्ञाने विचारलं. मी कानातलं, पिना, मंगळसूत्र काढून दिलं. तेवढ्यात शेजारी उभ्या आत्याने तोंडात हात घालून आपली कवळी त्याच्या तळहातावर ठेवली.

"आजी, तुमचा नाहीये एमआरआय."

"अशूं दे," आत्या बोळक्या तोंडाने म्हणाली, "कायदा म्हंजे कायदा."

त्या बोगद्यात पाऊण तास आडवी होते. आधी गिरणी, मग टाईपरायटर, मग कोणीतरी भांडी फेकतंय असे आवाज. हसू आवरत नव्हतं आणि हललं तर फोटो बिघडतो. मधेच बाहेर ओढून शिरेतून एक औषध टोचलं. त्याने नवे, ताजे डाग उजळून दिसतात म्हणे. तेव्हा हसू थांबलं.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळेपांढरे चौकोन उलटसुलट होत राहिले. डोळ्याकडून निघालेला निरोप मेंदूपर्यंत किती उशिरा पोचतो, ते डोक्याला लावलेल्या तारा मोजत होत्या. मग पाठीतलं पाणी. गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडायचं आणि मणक्यांच्या मधून सुई. दुखलं कमी, भीती जास्त वाटली. दारातून आत्या ओरडली, "लहानपणी मार चुकवायला झोपायचीस ना, तश्शी झोप!" डॉक्टरांचा हात सुदैवाने स्थिर होता.

नंतर डोकं असं ठणकायला लागलं की पडून राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आत्या टेंभी नाक्याला चक्कर मारून आली.

"मिसळ खाऊन आले. जहाल. तुझ्या वाटचीपण खाल्ली, तुला त्रास नको म्हणून."

तिसऱ्या दिवशी स्टेरॉईडचं सलाईन सुरू झालं आणि तोंडात लोखंडी चव आली. चहा लोखंडी, इडली लोखंडी. शेजारच्या कॉटवर एक बाई आल्या. पंचेचाळिशीच्या, नाकात मोठी नथनी, हातात काठी, दुसऱ्या हातात डबा. नाव ज्योत्स्ना. ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या, मासळी विकणाऱ्या. दर सहा महिन्यांनी सलाईन घ्यायला यायच्या.

"तुना पण यमेस हाय काय गो?" त्यांनी असं विचारलं, जणू गाव विचारतायत.

"अजून कळायचंय," मी म्हणाले.

"मना कळायला चार वर्सां लागली. पयला पाय बधिर. घरची बोलली, बर्फात बसून बसून झाला. मंग सगळा दोन दोन दिसायला लागला. गिऱ्हाईक एक, मना दिसतान दोन! पैसं मात्र एकच देतंय." त्या खदखदून हसल्या. "कोन बोलला मणक्याचा हाय, कोन बोलला बाहेरचा हाय. मी पन डॉक्टरला एक दुखना सांगायची, दुसरा लपवायची. चार वर्सां गेली, तवर ह्यो पाय गेला." त्यांनी काठीने उजव्या पायावर हलकेच टकटक केलं.

"आणि आता?"

"आता औषीद चालू हाय. नवीन काय झाला नाय. ऊन लागला का पाय लटपटतान, मंग मानेवर बर्फाचा फडका. आमचे धंद्यान बर्फाला काय तोटा!"

त्यांच्या डब्यात निवट्या (खाडीच्या चिखलात उड्या मारणारे मासे) आणि तांदळाची भाकरी होती. त्यांनी अर्धी माझ्या हातावर ठेवली. त्या कालवणापुढे लोखंडाने हार पत्करली. मी खात होते आणि मला रडू येत होतं. आत्याला वाटलं, तिखट लागलं.

संध्याकाळी डॉक्टर आल्यावर मी सांगून टाकलं. पाय, मुरगळल्याची थाप, मान वाकवल्यावरचा करंट, सगळं.

डॉक्टरांनी खुर्ची ओढली. "बरं झालं सांगितलंत. एमआरआयमध्ये पाठीच्या कण्यात एक जुना डाग दिसत होता. मेंदूतही आहेत, त्यांतला एक ताजा. तो जुना कधी आला असेल, हे मी उद्या तुम्हाला दुसऱ्यांदा विचारणारच होते." मग म्हणाल्या, "वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वेळी. मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे, म्हणजे एमएस. अजून एक सारखा दिसणारा आजार असतो, त्याची रक्ततपासणी पाठवलीय. पण मला तो वाटत नाही."

(ती तपासणी पुढे ठीक आली. पाठीच्या पाण्याच्या अहवालाने मात्र डॉक्टरांचीच री ओढली.)

"म्हणजे होतं काय?" आत्याने विचारलं.

"नसांवर एक आवरण असतं. ते जागोजागी खराब होतं आणि निरोप अडखळतात."

"वायरचं प्लास्टिक कुरतडलं की लाईनमध्ये खरखर येते, तसं?"

"अगदी तसं."

"मग उंदीर कोण?"

"यांचीच रोगप्रतिकारशक्ती. चुकून स्वतःवरच उलटते. का, ते नेमकं कोणालाच माहीत नाही. थोडी आनुवंशिकता, पूर्वी होऊन गेलेला एखादा विषाणू, ड जीवनसत्त्व कमी असणं, धूम्रपान, अशा अनेक गोष्टी जुळून येतात. यांनी काही केलं म्हणून झालं नाही. आणि हा कोणाला लागत नाही."

काहींना तो पहिल्यापासून हळूहळू चढत जातो, असं त्या म्हणाल्या. बहुतेकांना माझ्यासारखा: झटका येतो, ओसरतो, पुन्हा येतो, त्यांतल्या काहींचा पुढे झटक्यांशिवायही वाढत राहतो. स्टेरॉईडच्या सलाईनमुळे हा झटका लवकर आवरेल. पुढचे टाळण्यासाठी कायमची औषधं वेगळी. त्यांत गोळ्या आहेत, इंजेक्शनं आहेत, ज्योत्स्नाताईंचं सलाईन आहे. मुळातून बरा होत नाही. पण लवकर सुरुवात केली तर बराच रोखता येतो.

"दोन वर्षांपूर्वी आले असते तर?" मी विचारलं.

"आज आलात," त्या म्हणाल्या आणि माझ्या नाडीवर उगाच हात ठेवून बसल्या.

सहाव्या दिवशी निघालो. डोळ्यापुढचं धुकं थोडं विरळ झालं होतं. आत्या पूल येईपर्यंत बोलली नाही, म्हणून मीच म्हणाले, "अगं, काहीतरी बोल, मला भीती वाटते." तेव्हा ती फुटली आणि डोंबिवलीपर्यंत मला शिव्या देत, डोळे पुसत राहिली. शेवटचं वाक्य होतं, "पुन्हा लपवलंस तर मी तुझी लाईन कापीन."

शहाडला घरी पोचले तर मिलिंद दारात. आत्याने फोन केलेला, हे उघड होतं. मी बॅग ठेवली, पाणी प्यायले आणि वर्गात शिकवावं तसं सगळं सांगितलं. नसा, आवरण, डाग. शेवटी तो दोन वर्षांपूर्वीचा पाय.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तू जिना चढताना भिंत धरायचीस. मी खालून बघायचो. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, म्हणून विचारलं नाही."

दोन वर्षं एका घरात, एका ताटात जेवून आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. मला त्याचा राग यायला हवा होता. त्याऐवजी असं वाटलं, की एवढ्या लांब जाऊन आले आणि खरं गाव घरातच होतं.

संध्याकाळी उल्हास नदीच्या बाजूला फिरायला गेलो. मिलिंद एरवी पुढे चालणारा माणूस. त्या दिवशी तो माझ्या पावलाला पाऊल लावून, अगदी जपून चालत होता. पायांना काही होत नव्हतं. तरी मी मुद्दाम आणखी हळू चालायला लागले, बघूया म्हटलं, किती वेळ दम धरतोय ते.