पोतं लागत नाही तिथे

अण्णा मार्केट यार्डात हमाल होते. त्यांच्या पाठीवर लालसर, खवल्यांचे चट्टे होते आणि पाच वर्षं आम्ही त्या चट्ट्यांना नायटा म्हणत होतो. मिरचीच्या पोत्यांनी होतं, असं यार्डातलं कुणीही सांगायचं. मलम मीच आणायचे. ट्यूबवरचं इंग्रजी घरात मला एकटीलाच वाचता यायचं. लावलं की चट्टे फिके पडायचे, थांबवलं की पुन्हा उठायचे.

मला खराडीतल्या एका कंपनीत नोकरी लागली तशी मी त्यांना त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी आधी महिनाभर मलम बंद ठेवायला लावलं, मग पाठीचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टात ठाम काही आलं नाही.

"अजून कुठे चट्टे आहेत?" त्यांनी विचारलं.

"न्हाय," अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले.

"मी सगळं बघितलंय, मॅडम," मी म्हणाले. घरात कॉलेज केलेली मी पहिली. ते मी कुणाला विसरू देत नसे. गळ्यातलं कंपनीचं कार्डही काढलं नव्हतं.

"तुम्ही जरा बाहेर बसा."

"मी मुलगी आहे त्यांची. त्यांना इंग्रजी कळत नाही."

"मी मराठीतच बोलतेय. आणि मुलगी आहात, म्हणूनच बाहेर बसा."

वीस मिनिटांनी दार उघडलं. कमरेखाली आणि मांडीच्या आत चट्टे होते, पाठीपेक्षा जाड. "तिथे पोतं लागत नाही," बाई म्हणाल्या. तिथला तुकडा काढला होता. त्वचेतल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर असू शकतो. मलमाने तो झाकला जातो, म्हणाल्या.

रिक्षात मी विचारलं, "अण्णा, सांगायचं नाही का?"

"तू हटायचीस व्हय तिथनं? पोरीम्होरं पायजमा सोडू?"

पुढचे दहा दिवस घरात कुणी मलमाचं नाव काढलं नाही. रिपोर्टाच्या दिवशी मी न सांगता बाहेर बसले. दार किलकिलं झालं, अण्णांनी डोकं बाहेर काढलं.

"ये आत. आज कापडं अंगावर हायेत."

बाईंनी कागद माझ्याकडे दिला. अण्णा त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

"नायटा न्हाय ना?"

"नाही, अण्णा. कॅन्सर आहे. पण अजून कातडीतच आहे."

त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"आता सगळं वाच. गाळू नकोस काय."