अर्ध्या भुकेचा माणूस

आमच्या ह्यांना बाहेर चरायची सवय लागली आहे, असा शोध मी तरुणपणी लावला होता. शोध लावायला अक्कल लागत नाही, हे तेव्हाच सिद्ध झालं.

महाल भागातल्या एका साडीच्या दुकानात मी कामाला होते. गिऱ्हाईक उठेपर्यंत हसत राहायचं, मग पसरलेल्या साड्यांच्या घड्या, मग शटर. हे कळमेश्वरच्या कारखान्यात. पहाटे जायचे, दिवेलागणीला परतून पोरींना वाढायचे. आमची गाठ पडायची ती माझ्या रात्रीच्या ताटाशीच.

माणूस अबोल. कारखान्याचं विचारलं तर, "चालू हाये." तब्येतीचं विचारलं तरी, "चालू हाये." पण जेवायला बसलो की म्हणायचे, "थे नाकवाली बाई दाखव ना वं!" मी पदर खोचून, दुकानातल्या त्या गिऱ्हाइकासारखं नाक वर करून म्हणायची, "याच्यात दुसरा रंग नाही का?" ह्यांना हसता हसता ठसका लागायचा. खायचे मात्र जेमतेम एक पोळी.

मला वाटलं, तर्री-पोहे हाणून येत असणार. एक दिवस मी भडकले. "बाहेरच जेवत जा! मीही दुकानातच खाऊन येईन." आणि खरंच मी रात्रीचाही डबा नेऊन दुकानात संपवू लागले. घरी आले की हे वाट बघत बसलेले.

"जेवली?"

"जेवले."

संपलं बोलणं. नकला बंद, ठसका बंद. मी आपली जिंकल्याच्या थाटात पाठ करून झोपायची. गाढव!

शेवटी धाकटीच बोलून गेली, "आई, बाबा आता आमच्यासोबत पोटभर जेवतात. आधी अर्धंच जेवायचे."

आता हे नाहीत. पोरी पुण्यात, त्यांचीही कामं सरत नाहीत. फोन करतात, तोवर माझं ताट धुऊन झालेलं असतं. टीव्हीसमोर एकटी जेवते. नाकवालीची नक्कल अजून झकास येते मला, पण दाखवू कोणाला?

धाकटी बोलली त्याच रात्री मी डबा तसाच घरी आणला, दोन ताटं मांडली आणि विचारलं, "सांगायचं नाही का हो?"

पोळी मोडत हे म्हणाले, "काय सांगू वं? एक पंगत लेकरायची, एक तुही. पोट तं एकच हाये माह्यं."