मांड म्हंजे मांडी नाय

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी घोड्यावर होते. आसनगावजवळच्या आमच्या घोडेशाळेत कुंपणापलीकडून मॅनेजर ओरडले, "मुरबाडहून फोन आहे, तुझे काशिनाथमामा गेले!" ऐकलं, आणि तरी मी आणखी दोन फेऱ्या मारल्या. का, ते अजून सांगता येत नाही. त्याला सहा आठवडे झाले. हा लेख लिहायला बसते आणि उठते... एका जागी बसणं मला कधी जमलंच नाही, आणि बसायला शिकवणारा माणूस तर निघून गेला.

मामा फौजेत जवानांना घोड्यावर बसायला शिकवत. निवृत्त होऊन सिद्धगडाच्या बाजूच्या आपल्या गावी परतले, तेव्हा घोडा कुठला परवडायला! त्यांनी पडवीच्या वाशांना जाड दोरांनी तेलाचं रिकामं पिंप आडवं टांगलं, वर गोणपाट आणि जुनं खोगीर. "मास्तर, दाना काय खातो तुमचा घोडा?" येणारे-जाणारे विचारत. मामा न हसता सांगत, "दाना नाय खात. घाई करनाऱ्याला खातो."

तो मला खाणार होता. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, बारावी होऊन मी घोडेशाळेत लीद काढायला लागले आणि पहिल्याच आठवड्यात हट्टाने घोडीवर बसले. घोडी उधळली, मी तोंडावर आपटले, पुढचा दात गेला. मालक म्हणाले, महिनाभरात नीट बसून दाखव, शिकवायला ठेवतो. नाहीतर लीद आहेच. सुजलेलं तोंड घेऊन मी मामांकडे गेले.

"घोडी का उधळली?"

"काय म्हाईत! मी तं मांड पक्की धरली व्हती."

म्हणजे काय केलं होतंस, तेही त्यांनी विचारलं. मी मांड्या आवळून दाखवल्या. मामांनी कपाळावर हात मारला. "अगो, मांड म्हंजे मांडी नाय! तू आवळलंस, ती समजली पळ म्हनते. मांड म्हंजे बैठक. वजन खाली सोडायचं."

मग त्यांनी सागाची दोन सुकी पानं माझ्या गुडघ्यांशी, पाय आणि खोगिराच्या मध्ये ठेवली आणि दोर ओढून पिंप हलवायला लागले. पान पडू द्यायचं नाही आणि मोडूही द्यायचं नाही. पिंप झुललं की मी आवळायची, पान कुर्रकन मोडायचं. "टाच खाली. श्वास घे गो. कुठं गाडी पकडायचीय?" दर रविवारी मी ढीगभर पानं मोडली आणि मामीने ती झाडली. महिन्याअखेर मात्र नोकरी मिळाली.

तरीही "मांड पक्की झाली" एवढं काही मामांच्या तोंडून निघेना. तेवढं ऐकायला मी वर्षानुवर्षं जात राहिले. एकदा मी चिडून म्हणाले, "मामा, शिकवते मी आता पोरांना!" ते म्हणाले, "टाच वर आली बघ." पुढे संसार, कामं, रविवार विरळ झाले. शेवटच्या भेटीत त्यांना धाप लागत होती, तरी नवी पानं काढून ठेवलेली. "बस जरा." मी दारातूनच म्हटलं, "आज टाइम नाय मामा, पुढच्या रविवारी बसते." हे लिहिताना मला लाज वाटते.

परवा मी मामांच्या घरी गेले. पडवीत पिंप तसंच, खोगिरावर ती दोन पानं छोट्या दगडाखाली दाबलेली. न राहवून मामीला विचारलं, "माझ्याबद्दल काय बोलले का गो कधी?"

"पयल्याच वर्सी म्हनाले, मांड पक्की झाली पोरीची." मामी ओढायच्या दोराचा गुंता सोडवत होती. "मला म्हनाले, तिला सांगू नको. सांगितलं का येयाची बंद व्हईल."

मी पिंपावर चढले, पानं गुडघ्यांशी लावली. मामी हळूहळू दोर ओढत राहिली... बराच वेळ. पान एकदाही वाजलं नाही.

"झालं गो. उतर आता, च्या ठेवते," मामी म्हणाली.

मला उतरता येईना.