गवताच्या मशीनला बाबांनी लावलेली धार

बी.एस्सी. होऊन मी रामाकोन्याजवळच्या एका मँगनीजच्या खाणीत स्टोअर-क्लार्क म्हणून लागलो. माझ्या ताब्यात आलेल्या वस्तूंच्या यादीत फावडी, कंदील, दोरखंड यांच्याखाली गवत कापायचं एक मशीन होतं. खाणीच्या इंग्रज मॅनेजरने जाताना ते मागे ठेवलेलं. त्याच्या हौसेखातर शेजारच्या माळावर गोल्फचं मैदान आखलं होतं. पाण्याची वानवा असल्यामुळे चेंडू घालायच्या बहुतेक भोकांभोवती तेल मारलेली वाळूच असे. दोनच ठिकाणी, खाणीतून उपसलेल्या पाण्यावर, खरी हिरवळ राखली होती. तिला ग्रीन म्हणत. ती अगदी बारीक आणि सपाट कापलेली लागे, नाहीतर चेंडू वाट सोडून जाई.

हे मशीन विळ्यासारखं नव्हतं. एका नळकांड्याभोवती आठ पाती पीळ देऊन बसवलेली आणि त्यांच्याखाली एक स्थिर पोलादी पट्टी. मशीन ढकललं की पाती फिरत आणि त्यांच्यात व पट्टीत सापडलेलं गवत कात्रीने कापल्यासारखं तुटे. अंगठ्याला लागेल अशी धार या पात्यांना नकोच असते. प्रत्येक पातं या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टीला सारखं आणि निसटतं टेकलं पाहिजे, एवढंच. त्यासाठी दोन्ही बाजूंना स्क्रू होते. टाईपचा पातळ कागद मध्ये धरून नळकांडं हाताने हळू फिरवायचं. कागद स्वच्छ तुटला तर ठीक, दुमडला तर सैल, आणि पाती कुरकुरली तर फार घट्ट. दोन रविवार घालवून मी हे इंग्रजी पुस्तिकेतून शिकलो होतो.

आणि पुढचे कित्येक महिने मी ते लोकांना समजावत होतो. शेडमध्ये येणारा प्रत्येक माणूस पात्यावर अंगठा फिरवून बघे आणि माझ्याकडे कीव आल्यासारखा पाही. फिटर, हिशेबनीस, पोस्टमन, कोणी म्हणजे कोणी सुटला नाही. "याले धारच नाही ना बाबूजी," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की समोरच्याने अंगठा पुढे केला की माझं डोकं तापायला सुरुवात होई. फक्त माळीकाका कधी तसं म्हणाले नाहीत. साठीचे, इंग्रजाच्या वेळेपासून ग्रीन राखणारे. मशीन चालताना त्याचा आवाज ऐकूनच ते सांगत, "डावा स्क्रू जराक ढिल्ला झाला."

राज्यांची पुनर्रचना ठरली ते हे वर्ष. सौसर, पांढुर्णा नव्या मध्य प्रदेशात राहणार आणि नागपूर मुंबई राज्यात जाणार होतं. नागपूरच्या साहेबलोकांची आमच्या मैदानावरची निरोपाची मॅच दसऱ्यानंतरच्या रविवारी ठेवली होती. नव्या मॅनेजरने मला बोलावून स्पष्ट सांगितलं, की दोन गवताच्या तुकड्यांसाठी एक माणूस कशाला ठेवता, असं वरून विचारणं सुरू आहे. मॅचला ग्रीन चांगली दिसली तर माळी राहील, नाहीतर जाईल. माळीकाका पंपामागच्या खोलीत दमेकरी बायकोबरोबर राहत. काम गेलं की खोलीही जाणार होती.

अशात दसऱ्यासाठी बाबा बोरगावहून माझ्याकडे आले. आमचा संत्र्याचा लहानसा बगीचा होता, पण गावात बाबांचं नाव होतं ते धारेसाठी. अर्ध्या गावाचे विळे आणि कोयते त्यांच्याकडे येत. खंडेनवमीला आमच्याकडे सगळी औजारं घासूनपुसून, धार लावून पुजायची पद्धत. त्या सकाळी मला मालाच्या चौकशीला सौसरच्या स्टेशनावर जावं लागलं. पूजेसाठी मी शेडची किल्ली माळीकाकांकडे दिली आणि निघालो.

दुपारी परत आलो तर मशीन शेडच्या दारात मांडलेलं. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. नळकांडं काढून पुन्हा बसवलेलं होतं आणि आठही पाती कानशीने घासून विळ्यासारखी पातळ, चकचकीत केलेली होती. शेजारी बाबा कुरुंदाचा दगड धूत बसले होते.

"ये, पाह्य आता," ते म्हणाले. "कोणं हात लावला नोता इतक्या दिवसांत. माहा अंगठा कापला, पाह्य."

मी माळीकाकांकडे पाहिलं.

"मी मनाई केली बाबूजी," ते म्हणाले. "म्हटलं, पोराले येऊ द्या. तर म्हणते, पोरगं कालचं आहे, कानस माही चाळीस वर्साची आहे."

"मंग खोटं बोललो का?" बाबा म्हणाले. "काय पाहून राहिला बे असा? सायेबाचं मशीन तुह्या ताब्यात दिलं, त्याले धार नको?"

सौसरच्या शाळेत होतो तेव्हा हे गृहस्थ दर आठवड्याला पिठाची पिशवी खांद्यावर घेऊन बोरगावहून पायी येत. मी नागपूरला शिकावं म्हणून त्यांनी भावकीशी वाकडं घेतलं. त्यांच्यामुळे मला ती पुस्तिका वाचता येत होती आणि त्यांच्यामुळेच आता ती वाचून काही उपयोग नव्हता. मी "छान झालं" म्हणालो. दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं देऊन-घेऊन ते खुशीत गावी गेले.

मग मी कागदाच्या पट्ट्या घेऊन बसलो. बाबांनी प्रत्येक पातं स्वतंत्रपणे, मन लावून घासलं होतं, म्हणून प्रत्येकाची उंची वेगळी झाली होती. तीन पाती पट्टीवर आदळत आणि पाच टेकतच नव्हती. स्क्रू आवळले तर नळकांडं अडे आणि सैल केले तर कागद नुसता दुमडून बाहेर येई. नागपूरहून नवं नळकांडं मागवायचं म्हटलं, तर तिथल्या दुकानदाराचं उत्तर आलं की सध्या त्याच्याकडे नाही, आणि पुढच्या महिन्यापासून माल दुसऱ्या राज्यात पाठवायचे नियम काय असतील ते त्यालाच ठाऊक नाही.

पुस्तिकेत एक उपाय होता. एंजिनाच्या व्हॉल्व्हला लावतात ती खरखरीत पेस्ट पात्यांना चोपडायची आणि नळकांडं उलटं फिरवत राहायचं. उंच पाती झिजत जातात आणि सगळी एका मापाला येतात. पंपघरातून पेस्ट आणली, आसाला दांडा बसवला आणि माळीकाका आणि मी आळीपाळीने तो उलटा फिरवू लागलो. तीन दिवस. तळहातांना फोड आले. त्यातच येणारेजाणारे थांबून विचारत, "उलटं काहून फिरवून राहिले?" मी सांगे. ऐकून घेऊन ते पात्यावर अंगठा फिरवत आणि म्हणत, "पण हे तर बोथट होऊन राहिलं ना." मी एकाला तर शेडबाहेर जायला सांगितलं. नंतर कळलं, तो मॅनेजरच्या कचेरीतला होता.

शनिवारी सगळी पाती मध्यभागी आणि डाव्या टोकाला कागद कापू लागली. उजव्या टोकाला मात्र शेवटच्या दोन बोटांइतक्या भागात कागद दुमडतच राहिला. तिथे कानस फार खोल गेली होती. मशीन ढकललं की प्रत्येक पट्ट्याच्या कडेला न कापलेल्या गवताची रेघ राही.

"मंग उजवं टोक कापतच नाही असं समजा," माळीकाका म्हणाले. "दर खेपेले तितकं आधीच्या पट्ट्यावर दाबून चालू. चालनं लय वाढन."

"जमेल का उजाडल्यापासून?"

"नाही जमलं तर खोली खाली करू. तुमचे बाबा येतीन सामान उचलाले."

रविवारी ते पहाटेपासून मशीन ढकलत होते. पहिली ग्रीन खरोखर सुरेख झाली. दुसरीवर पाहुणे येईस्तोवर अर्धंच काम झालं होतं आणि उरलेल्या अर्ध्यावर घाईत रेघा राहिल्या. नागपूरच्या एका साहेबांचा चेंडू भोकाकडे निघाला, रेघेला लागला आणि शहाण्यासारखा तिच्या कडेकडेने चालत गेला. साहेब हसले. आमचे मॅनेजर हसले नाहीत.

सोमवारी त्यांनी मशीन पाहिलं आणि मला समोर उभं केलं. पाती कोणी घासली ते लेखी द्या, म्हणाले. माळ्याने घासली असतील तर तसंच लिहा, म्हणजे विषय संपेल. माझी नोकरी अजून कच्ची होती आणि पक्की करायचा कागद त्यांच्याच टेबलावर होता. मी बाहेर येऊन बाकावर बसलो. मला राग आला होता तो बाबांचा, अंगठेवाल्यांचा, आणि सगळ्यात जास्त माझा, कारण किल्ली मी दिली होती. लिहिलं ते एवढंच: मशीन माझ्या ताब्यात होतं, मी गैरहजर असताना माझ्या वडिलांनी समजुतीच्या चुकीने पाती घासली, माळ्याने त्यांना हरकत घेतली होती, ते दुरुस्त करण्यात त्याने तीन दिवस हात दिला आणि पहिली ग्रीन त्याच्या मेहनतीने झाली.

मॅनेजरने ते दोनदा वाचलं. माळीकाका राहिले. माझी नोकरी पक्की व्हायची मुदत आणखी सहा महिने लांबली.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा बाबांनी पहिलं तेच विचारलं. पक्का झाला का, सगळ्या गावाला सांगून ठेवलं आहे. मी पुष्कळ टाळलं. शेवटी चहाचा कप खाली ठेवून सगळं सांगितलं, कागदाच्या पट्ट्यांपासून लेखी जबाबापर्यंत. बाबा म्हणाले, "माहं नाव लिहिलं तू त्यात?"

"तुमचं नाव नाही. वडील म्हणून लिहिलं."

"मंग तवाच काहून नाही सांगितलं मले? मी आलो तवा, आदल्या दिवशी, की याले कानस लावाची नाही?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतं का तुम्ही?"

त्यांनी खरोखर विचार केला.

"नसतं ऐकलं," ते म्हणाले, आणि आईला हाक मारून माझ्यासाठी आणखी चहा टाकायला सांगितला.