शहाणी झालेली सिद्धी

सिद्धीला पहिली पाळी आली ती शाळेत, खेळाच्या तासाला. ती आठवीत होती आणि बास्केटबॉलच्या संघात सगळ्यांत उंच. वर्षभरात तिचं अंग भराभर बदललं होतं. टी-शर्ट छातीशी घट्ट व्हायला लागले, कपाळावर पुटकुळ्या आल्या, स्वतःच्याच घामाच्या वासाची किळस यायला लागली. आरशातली मुलगी एखाद्या दिवशी तिला आवडायची, एखाद्या दिवशी तिचं तोंडसुद्धा बघू नये असं वाटायचं. हे सगळं तिनं मुकाट्यानं सोसलं होतं. त्या दिवशी जे. पी. नगरच्या घरी आल्यावर तिनं फक्त आईला सांगितलं.

"अम्मा, कुणाला सांगू नकोस. अप्पांनाही नको."

"सरी," क्षमा म्हणाली. 'बरं' म्हणायला त्यांच्या घरात हा कन्नड शब्दच होता.

संध्याकाळी गावाहून, आनेकलहून, खंडोजीरावांचा फोन आला. ते अप्पांचे थोरले भाऊ, सिद्धी त्यांना दोड्डप्पा म्हणायची. त्यांचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "शहाणी झाली म्हणे आमची पोर! रविवारी मंडपात आरती करू. सगळ्या भावकीला सांगतो."

सिद्धीनं आईकडे बघितलं. क्षमा गॅसकडे तोंड करून उभी राहिली.

त्या घराण्यात मुलगी वयात आली की तिला पाटावर बसवून ओवाळायचे, जेवणावळ घालायचे. क्षमालाही तसंच बसवलं होतं. त्या वेळी मान खाली घालून बसण्यापलीकडे काही करता येतं, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

सिद्धीच्या डोक्यात मात्र आलं. "मी नाही बसणार. माझ्या पाळीचं जेवण गावाला कशाला?"

"हळू बोल!" विठोजी ओरडले. सिद्धीचे अप्पा एरवी रोज तिच्याशी पंजा लढवायचे, हरले की खोटं खोटं भांडायचे. आता ती शेजारी बसली की ते उठून गॅलरीत जायचे. तिनं हात पुढे केला, तर म्हणाले, "आता नको. मोठी झालीस." आपण काय गुन्हा केला, हे तिला कळेना. ती दारं आपटायला लागली, अर्ध्या जेवणातून उठायला लागली.

"वयच तसं आहे," विठोजी क्षमाला म्हणाले. "शाळेत डॉक्टरीणबाई सांगून गेल्यात ना, या वयात पोरं चिडचिडी होतात म्हणून. होईल शांत."

सिद्धी दारातच उभी होती. "म्हणजे मला राग आला तर तो माझ्या अंगातल्या बदलांमुळे? तुम्ही काही केलंच नाही?"

विठोजी उठून गॅलरीत गेले.

रविवारी तिला हिरवी जरीची साडी नेसवली, वेणीवर मोगऱ्याच्या कळ्या गुंफल्या. गाडी आनेकलच्या कल्याण मंडपाशी, म्हणजे तिथल्या मंगल कार्यालयाशी थांबली आणि सिद्धीला समोर स्वतःचा चेहरा दिसला. फाटकावर माणसापेक्षा उंच फ्लेक्स होता. त्यावर शाळेच्या जर्सीतला तिचा फोटो, खाली कन्नडमध्ये नाव आणि आरतीचा मुहूर्त, बाजूला दोड्डप्पांचा हात जोडलेला फोटो. दोड्डप्पांचा मुलगा अपूर्व फाटकाशीच उभा होता. त्यानं सकाळीच तो फ्लेक्स स्टेटसला लावला होता, आणि सिद्धीच्या वर्गातला निहार त्याचा मित्र होता.

ती आत जाऊन बसते न बसते, तोच तिच्या मैत्रिणीचा, आर्याचा मेसेज आला. 'निहारनं फ्लेक्सचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकलाय. सगळे हसतायत.'

सिद्धी उठली. बायकांना वाटलं, हिला बाथरूमला जायचं असेल. ती मागे स्वयंपाकाकडे गेली, भाजीच्या ढिगाजवळची सुरी उचलली, साडीच्या निऱ्या एका हातात धरल्या आणि सगळ्या पाहुण्यांच्या मधून चालत फाटकाशी आली. फ्लेक्स तिनं वरून खालपर्यंत फाडला. मग आडवा फाडला. दोड्डप्पांचा हात जोडलेला फोटो मातीत पडला.

"अंगात आलंय का हिच्या?" खंडोजीराव धावत आले. विठोजींनी तिच्या हातातली सुरी हिसकावून फेकली आणि मारायला हात उगारला.

क्षमानं तो हात वरच्या वर धरला. "खाली घ्या. हिनं विश्वासानं मला सांगितलं. मी तुम्हाला सांगितलं, तुम्ही भावाला, आणि त्यांनी ते फाटकावर टांगलं. आपल्यातल्या एकानंही तिला विचारलं नाही. तिनं चिडायचं नाही तर काय करायचं?"

"माझ्या अण्णासमोर तमाशा करतेस?" विठोजी दात आवळून म्हणाले.

"करते."

आरती झाली नाही. पाहुण्यांनी खाली बघत होळिगे, म्हणजे पुरणपोळी, आणि भात खाल्ला आणि ते निघून गेले. खंडोजीरावांनी सांगितलं, पुन्हा माझ्या दारात येऊ नका.

सोमवारी वर्गात निहारनं डब्याच्या झाकणानं सिद्धीला ओवाळल्याची नक्कल केली. तिनं त्याचं दप्तर उचललं आणि दुसऱ्या मजल्यावरून खाली टाकलं. मुख्याध्यापिकांनी क्षमाला बोलावलं.

"या वयात मुलींना आवरणं कठीणच जातं," त्या समजुतीनं म्हणाल्या.

क्षमा खुर्चीत बसलीच नाही. "त्या मुलाच्या आईवडिलांनाही बोलावलंत का?"

"नाही, तशी गरज..."

"बोलवा. तोवर मी इथेच थांबते."

ते आले. निहारनं ग्रुपवरचा फोटो काढून टाकला आणि माफी मागितली, अर्थात बापानं दोनदा कोपरानं ढोसल्यावर. सिद्धीनं दप्तराबद्दल माफी मागितली.

घरी जाताना रिक्षात क्षमानं विचारलं, "आता बरं वाटतंय?"

"नाही," सिद्धी म्हणाली. "तुझ्यावर अजून राग आहे. अप्पांवर तर खूपच."

क्षमा समजूत घालायला गेली नाही. "सरी," एवढंच म्हणाली. या वेळी तिनं तोंड फिरवलं नाही.